गुरुवारची हिरवी पट्टी

मी आनिबाल कोरियाचा मोबाईल. माझी काच तीन ठिकाणी तडकली आहे आणि तिन्ही तडे मारामारीतले आहेत. खिशातून घसरून फुटणाऱ्यांतला मी नव्हे.

माझी जोडणी देशाच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या कारखान्यात झाली. तिथे बाया भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून कामाला बसतात. पहिला मालक दुकानदार होता. दीड वर्ष मला कानाला लावून तो लोकांशी खोटं बोलला, मग राजधानीत, ओन्सेच्या बाजारात एका टपरीवर मला विकून मोकळा झाला. तिथून मला आनिबालने उचललं.

आनिबाल उत्तरेच्या चाको प्रांताकडचा. सत्तरी उलटलेली, नाक दोनदा मोडलेलं, उजवा कान सुजून सुजून गाठ झालेला. ब्वेनोस आयरेसच्या वीया क्रेस्पो भागात, टायरच्या दुकानामागे, त्याची बॉक्सिंगची तालीम आहे. त्याला मी एकाच कामाला हवा होतो. तीन मिनिटं मार, एक मिनिट दम. घंटा मी द्यायची. अशा हजारो घंटा मी दिल्या, एका सेकंदानेही चुकलो नाही. पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी उड्या मारायची दोरी सटकून माझ्यावर बसली. तो पहिला तडा. तरी घंटा वेळेवर दिली.

तालमीत साउल बेहार नावाचा ज्यू मुलगा होता. चोवीस वर्षांचा, डावखुरा. बाप टॅक्सी चालवायचा, आई पेर्ला बायकांचे केस कापायची. साउलचा डावा हात छातीत बसला की समोरच्याचा श्वास तिथेच अडकायचा. आनिबालने आयुष्यभर अशाच एका हाताची वाट बघितली होती.

एके वर्षी आनिबालने त्याची लढत नेमकी ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी ठरवली. दुसऱ्या दिवशी पेर्ला तालमीत आली ती थेट आनिबालपाशी. चामड्याची पर्स गरागरा फिरवून तिने त्याच्या तोंडावर हाणली. मी आनिबालच्या हातातून उडून खांबावर आदळलो. तो दुसरा तडा.

"कोरिया, काल माझ्या पोराने सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला असायला हवं होतं. आणि तो कुठे होता? बादलीत रक्त थुंकत होता!"

"बाई, मला काय ठाऊक तुमचे सण? दरवर्षी तारखा बदलतात!"

"आमचे सण जागच्या जागी असतात. तारखा तुमच्या हलतात. तो फोन कशाला बाळगतोस? त्यात भर आणि बघत जा!"

त्याच दुपारी आनिबाल चष्मा लावून बसला. त्याच्या बोटाचा सांधा कधीकाळी मोडून वाकडा जुळलेला. एक दाबायला जावं तर दुसरंच उघडायचं. घाम पुसत, शिव्या देत तो कॅलेंडरमधल्या सणांच्या यादीपर्यंत पोहोचला. 'ज्यू' या शब्दापुढे टिचकी मारली. क्षणात माझ्या पोटात पुढच्या कित्येक वर्षांवर हिरव्या पट्ट्या पसरल्या. त्याने एकेक सण मोठ्याने वाचला, सगळे चुकीचे उच्चारले, आणि छाती काढून म्हणाला, "आता बोल म्हणावं त्या बाईला!"

इथे माझी चूक सांगतो. मला दिवस मध्यरात्री सुरू होतो असंच शिकवलं आहे. ज्यूंचा दिवस आदल्या संध्याकाळी, सूर्य बुडाला की लागतो. योम किप्पूर हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा उपास. पुढच्या वर्षी तो गुरुवारी येत होता, म्हणजे बुधवारी संध्याकाळीच लागत होता. मी हिरवी पट्टी गुरुवारी लावली. मी खोटं बोललो नाही. अर्धंच बोललो.

देशाच्या अजिंक्यपदाची लढत आली तेव्हा आनिबालने मला बघितलं. गुरुवार हिरवा, बुधवार कोरा. त्याने बुधवार, संध्याकाळी साडेपाच, अशी सही ठोकली. साउलनेही मान डोलावली. सण सहा महिने लांब होता. इतक्या आधी कोण मोजतं?

मग थंडीत साउलचा बाप गेला. टॅक्सीतच छाती धरून बसला. इस्पितळात त्याने साउलला जवळ बोलावलं. "किप्पूरला सिनेगॉगमधल्या माझ्या खुर्चीत बस. सूर्य बुडायच्या आत. घरातलं कुणीतरी तिथे असलं पाहिजे." साउलने वचन दिलं.

लढतीला दहा दिवस राहिले तेव्हा पेर्ला पुन्हा तालमीच्या दारात उभी राहिली.

"कोरिया, बुधवारी संध्याकाळी काय ठेवलंयस?"

"लढत. सण गुरुवारी आहे, बाई. हे बघा!" त्याने मला तिच्या नाकासमोर धरलं.

तिने मला हातात घेतलं आणि नुसतं बघितलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. "गाढवा," ती हळूच म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी त्याने बापाच्या खुर्चीत बसायचंय."

लढत हलणार नव्हती. जो येणार नाही त्याला पुन्हा बोलावणं नाही, असा करारच होता.

साउल म्हणाला, "आई, दहा फेऱ्या म्हणजे चाळीस मिनिटं. सव्वासहाला संपतं. सूर्य बुडतो सहा अठ्ठेचाळीसला. हॉलपासून सिनेगॉग आठ चौक. जमेल."

"आणि पोटात काय घालशील? मग गुरुवारी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही!"

"तुझ्या बोरेकास करंज्या पळता पळता खाईन."

बुधवारी सकाळी साउल तालमीत आला तो माफी मागायला. किप्पूरच्या आधी त्यांच्यात माणसं दारोदार जातात. देवाचा केलेला अपराध देव बघून घेतो. माणसाचा केलेला त्या माणसानेच माफ करायचा असतो. तो नाही म्हणाला तर माफी पुन्हा मागायची, तिसऱ्यांदा मागायची.

"मास्तर, वर्षभरात काही वाकडं बोललो असेन तर माफ करा."

"केलं. आता हाताला पट्टी बांध."

समोरचा होता सांता फेचा ब्राउलिओ क्विरोगा, मासेमाराचा मुलगा. इथे ज्यू म्हटला की लोक 'रशियन' म्हणतात, मग त्याचा आजा इझमीरहून आलेला का असेना. कपडे बदलायच्या खोलीत ब्राउलिओ ओरडला, "काय रे रशियन, उद्या उपास ना? बरंच झालं! आज दात पाडतो, म्हणजे उद्या भूकच लागणार नाही."

"पाड," साउल म्हणाला. "पण लवकर पाड. मला घाई आहे."

साडेपाच वाजले. डॉक्टरचा पत्ता नाही. हमरस्ता निदर्शकांनी अडवला होता आणि डॉक्टर त्यात अडकला होता. डॉक्टरशिवाय घंटा नाही. तो आला तेव्हा मी सहा बारा दाखवत होतो. पहिली घंटा सव्वासहाला झाली.

"मास्तर, वेळ तुम्ही दाखवा," साउल म्हणाला. "चार फेऱ्या. त्याच्या पुढे मला परवडत नाही."

पहिल्या फेरीत तो अंगावर धावला आणि मार खाल्ला. ब्राउलिओ लांब हातांचा, थंड डोक्याचा. दुसऱ्या फेरीत त्याच्या उजव्याने साउलची भुवई उघडली. रक्त डोळ्यात, मानेवर, तिथून जमिनीवर. आनिबालने जखमेत मलम दाबलं. "आतून मार! बरगड्या फोड!" तिसऱ्या फेरीत साउल त्या लांब हातांच्या आत शिरला. डावा, डावा, पुन्हा डावा. बरगडी मोडल्याचा आवाज मी कोपऱ्यातून ऐकला. वाळलेली फांदी मोडते तसा. ब्राउलिओने दात आवळले आणि डोकं साउलच्या फुटक्या भुवईवर आपटलं. लोक बाकांवर चढले.

चौथ्या फेरीत, शेवटचं मिनिट उरलं असताना, साउलचा डावा ब्राउलिओच्या जबड्यावर बसला. ब्राउलिओ दोरांवर लटकला. हात खाली आले. डोळे उघडे, पण आत कुणी नव्हतं. अशा वेळी चांगला बॉक्सर थांबतो आणि रेफरीकडे बघतो.

साउलने आनिबालकडे बघितलं. आनिबालने मला उंच धरलं. सहा एकोणतीस.

साउलने आणखी तीन मारले. रेफरी मध्ये पडेपर्यंत तिन्ही बसले होते. तिसरा डाव्या डोळ्यावर.

ब्राउलिओ कोसळला आणि त्याचे पाय झटके देऊ लागले. सांता फेच्या मंडळींतून एक खुर्ची आली आणि आनिबालच्या मनगटावर बसली. मी सिमेंटवर आपटलो. तो तिसरा तडा. मुठी, बाटल्या, बाकं, सगळं हवेत होतं. त्यातच कुणीतरी साउलच्या कमरेला अजिंक्यपदाचा पट्टा बांधला.

दारात पेर्ला डबा घेऊन उभी होती. "चल! अजून बारा मिनिटं आहेत."

"तो उठला का?" साउलने विचारलं.

"नाही," आनिबाल म्हणाला.

साउल उंबऱ्यावर थांबला. "आई, तू पुढे हो. खुर्ची राख."

"ती खुर्ची तुझी आहे. तू शब्द दिलायस!"

"तो संपला होता, आई. मला दिसत होतं. तरी मारलं. हे घेऊन मी त्या खुर्चीत कसा बसू?"

पेर्लाने त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे बघितलं. डबा आनिबालच्या हातात कोंबला आणि ती एकटीच झपाझप चालू लागली.

हॉलच्या मागच्या खोलीत ब्राउलिओ लाकडी बाकावर पडला होता. रुग्णवाहिका त्याच अडवलेल्या रस्त्यावर होती. सहा अठ्ठेचाळीस झाले. मी वेळ दाखवली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. डबा उघडलाच नव्हता.

सात वाजता ब्राउलिओने उजवा डोळा उघडला. साउल गुडघ्यावर बसला. "मला माफ कर. शेवटचे तीन मी मारायला नको होते."

ब्राउलिओने छताकडे तोंड केलं.

"माफ कर मला."

"चालता हो."

साउल हलला नाही. "तिसऱ्यांदा मागतो. माफ कर."

ब्राउलिओने घरघरत्या श्वासात मान त्याच्याकडे वळवली. मग तो म्हणाला, "वाक."

साउल वाकला. ब्राउलिओच्या हाताला अजून पट्टी होती. होती नव्हती ती ताकद काढून त्याने साउलच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला. माझ्यासमोर लाखभर ठोसे पडले असतील. ज्याच्यापुढे कुणी हात वर केला नाही असा हा एकच.

"आता जा," ब्राउलिओ म्हणाला आणि डोळा मिटला.

आनिबालने पाण्याची बाटली पुढे केली. साउलने रक्त थुंकलं. पाण्याला शिवला नाही. दोघं पायीच निघाले. सिनेगॉगच्या कोपऱ्यावर आनिबालने मला बंद केलं.

गुरुवारी अंधार पडल्यावर त्याने मला चालू केलं, तर पेर्लाचा आवाज साठवलेला होता. "कोरिया, पोरगा जेवतोय. काल तो उशिरा आला, पण आला. तोवर एक लठ्ठ्या खुर्चीवर बसायला बघत होता. मी वरच्या, बायकांच्या सज्ज्यातून सपात फेकून मारली. तू जेवलास का? सोमवारी फोन घेऊन ये. कुठला सण कुठल्या संध्याकाळी लागतो ते सांगते एकेक."

सोमवारी ती बोलत गेली आणि आनिबाल वाकड्या बोटाने प्रत्येक सणाची आदली संध्याकाळ माझ्यात लिहीत गेला. त्याला चार तास लागले.

ब्राउलिओचा डावा डोळा परत आला नाही. त्याने दिलेली माफी डोळा गेल्याचं कळायच्या आधीची होती. साउलने पट्टा परत केला आणि हातमोजे काढले ते काढलेच. आता तो बापाची टॅक्सी चालवतो.

माझी बॅटरी फुगली आहे. पाठीचं झाकण बसत नाही. आनिबालने नवा फोन आणला आहे आणि हिरव्या पट्ट्या त्यात एका टिचकीने येतील, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच. दरवर्षी किप्पूरच्या दोन दिवस आधी माझ्यात एक नोंद आहे. "साउल. सांता फेची बस, सकाळी सहा. ब्राउलिओकडे." ती कुठल्याही तयार यादीत मिळत नाही. मला फेकायचं तेव्हा फेका. आधी ती उतरवून घ्या.