बूच

आमचा ट्रक चढाला लागला की आचके द्यायला लागायचा. आधी दोन-तीन गचके, मग पाय तळाला टेकवला तरी वेग नाही, मग नुसतं फुरफुरणं आणि शेवटी ठप्प. अर्धा तास थांबायचं, टाकीचं झाकण उघडून डिझेल आहे ना ते बघायचं, की पुन्हा गुमान चालू.

"गाडीला दम लागतोय," बायको म्हणाली.

"इंजिनाला दमा होत नाही," मी म्हणालो. "तू यात पडू नकोस."

ती पडली नाही. तिला सवय आहे.

मी नीटनेटका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भोक दिसलं की मला चैन पडत नाही. घरातली उंदरांची बिळं, दाराखालची फट, स्वयंपाकघरातला वरचा झरोका, सगळं मी स्वतःच्या हाताने पुट्टी मळून बुजवलंय. झरोक्यावरून बायको थोडी कुरकुरली होती. धूर कोंडतो म्हणे. मी म्हटलं, धूळ येत नाही ते बघ. गेल्या महिन्यात एक अख्खा रविवार ट्रकवर घालवला आणि केबिनपासून मागच्या फळीपर्यंत एक भोक शिल्लक ठेवलं नाही. आणि एवढ्या लाडाने सांभाळलेल्या गाडीने ऐन कामात दगा द्यावा, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं.

काम होतं टेकडीवरच्या इमारतीला फरश्या पोचवण्याचं. तीन वेळा आम्ही चढावरच मुक्काम केला आणि मागे सगळ्या गाड्या खोळंबल्या. साइटवरच्या साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "शनिवारी बाराच्या आत फरश्या वर आल्या नाहीत, तर सोमवारपासून दुसरा ट्रक लावतोय. तुम्ही येण्याचे कष्ट घेऊ नका." बावीस वर्षं मी हा ट्रक चालवतोय. दुसरं काही मला येत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमचे मिस्त्री नावाजलेले. त्यांची पद्धत ठरलेली: गाडी आली की आधी टाकीचं झाकण उघडून आत काठी बुडवायची. "अर्धे आजार इथेच कळतात," असं म्हणायचे. मग गाडी चालू करायचे आणि ती शहाण्या मुलासारखी चालायची. मिस्त्री माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की जणू दोष गाडीत नसून माझ्यात आहे. तरी त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा झटकला, पंप उघडला, नोझल साफ केले. दर वेळी म्हणायचे, "आता बघा मालक, पळत सुटेल." गाडी तिसऱ्या वळणापर्यंत पळायची.

माझ्या मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, सेन्सर गेलाय."

"या गाडीला सेन्सर नाहीच."

"मग तोच तर प्रॉब्लेम आहे."

शेवटी मिस्त्रींनी निकाल दिला, की इंजिन खाली उतरवून आतून बघावं लागेल. मी हो म्हणालो. फक्त म्हटलं, शनिवारची खेप होऊ द्या.

शनिवारी माझा हमाल आला नाही. गाडी चढावर थांबली तर चाकाखाली दगड सारायला कोणीतरी लागतं, म्हणून बायको सोबत आली. सगळा रस्ता मीच बोलत होतो: भेसळीच्या डिझेलवर, हल्लीच्या मिस्त्रींवर, साहेबांच्या मग्रुरीवर. सव्वाअकराला तिसऱ्या वळणावर गाडीने दोन गचके दिले, फुरफुरली आणि थांबली. बायकोने खाली उतरून दगड लावला. मी मिस्त्रींना फोन लावून ओरडत होतो, की आत्ता या आणि काय उतरवायचं ते इथेच उतरवा.

तेवढ्यात तिने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून लांबलचक आवाज झाला.

"हे काय वाजलं?"

"काही नाही. हवा."

"आत गेली की बाहेर आली?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. तिने झाकण परत घट्ट बसवलं, मला गाडी चालू करायला लावली आणि फुरफुर सुरू झाल्यावर पुन्हा उघडून टाकीच्या तोंडावर तळहात धरला.

"आत ओढतेय," ती म्हणाली. "अहो, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. दुसरं कशाला?"

"हवा जायला. नाहीतर तेल येत नाही."

"मग या झाकणाला भोक नसतं का?"

"होतं ना," मी म्हणालो. "एवढंसं होतं. त्यातून डिझेलचा ओघळ यायचा, म्हणून मी स्वतः पुट्टी मळून..."

सुरुवात मी अभिमानानेच केली होती. शेवटच्या शब्दापर्यंत माझा आवाज पार खाली गेला. फोनवर मिस्त्री अजून "हॅलो, हॅलो" करत होते. मी फोन बंद केला.

पुट्टी दगडासारखी झाली होती, मीच लावलेली. बायकोने झाकण अर्ध्या आट्यावर सैल ठेवलं आणि वर येऊन बसली. पुढची चारही वळणं ट्रक एकदाही न अडखळता चढला. बाराला सात मिनिटं कमी असताना आम्ही फाटकात होतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग आम्हाला. "काय बिघाड होता शेवटी?"

भेसळीचं डिझेल माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. "हिला विचारा," म्हणालो.

"कोंडमारा होत होता," बायको म्हणाली. साहेबांनी मान डोलावली आणि फरश्या उतरवायला सांगितल्या. सोमवारी या, असंही म्हणाले.

घरी आल्यावर मी कपडेसुद्धा बदलले नाहीत. छिन्नी-हातोडी घेतली, स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघरातल्या झरोक्याकडे निघालो. झरोक्यावर कधीपासूनचं एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं.

"राहू द्या," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "तो मी मागच्या वर्षीच फोडलाय."

मी कॅलेंडर बाजूला केलं. पलीकडे आभाळ दिसत होतं.