एकतीस इंची मास्तर

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून काढल्यावर माणसाने घरी स्वस्थ बसावं, असं मास्तरांनी स्वतःच जाहीर केलं होतं. दुकान विकलं, मशीन विकलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं की स्वस्थ बसणं हे कसबाचं काम आहे आणि ते आपण कधी शिकलेलो नाही.

बाईंना हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्या बसल्याच नाहीत. दुकानात मास्तरांच्या पाठीमागे स्टुलावर बसून जन्मभर कपड्यांच्या कडा दुमडून हेम घालणारी, काजं-बटणं करणारी त्यांची बायको. तिने माळ्यावरची जुनी सायकल काढली, दुरुस्त करून घेतली आणि रोज सकाळी कालव्याकाठच्या वाटेने पसार व्हायला लागली. एके काळी त्या वाटेवरून घोडे दोराने नावा ओढत नेत. आता तिथे फिरायला येणारी माणसं, त्यांची कुत्री आणि बाई. परत आल्यावर ती बदकाच्या पिल्लांच्या बातम्या सांगे आणि मास्तर वर्तमानपत्राआडून "हं" म्हणत.

खरं तर ती नसताना त्यांना घर खायला उठे. इतकी वर्षं नुसतं "अगं" म्हटलं की पाठीमागून "काय हो" यायचं. आता "अगं" म्हटलं की फ्रिज घुरघुरायचा. पण "मलाही ने" असं बायकोला म्हणायला जीभ रेटेना. तेव्हा मास्तरांनी तब्येतीला पुढे केलं.

"डॉक्टर म्हणतात, सायकल चालवा."

"कुठले डॉक्टर?"

"सगळेच म्हणतात हल्ली."

सायकलच्या दुकानाची मालकीण हाताचं ग्रीस पुसत बाहेर आली आणि कुठे चालवणार, शेवटची कधी चालवली होती, असं विचारू लागली. मास्तरांचं लक्ष केव्हाच भिंतीवरच्या एका काळ्या, उंच, बाकदार हँडलच्या सायकलवर गेलं होतं. तिच्यावर आपण बसलोय, हे त्यांना दिसतही होतं. त्या चित्रात त्यांना पोट नव्हतं आणि केस होते.

"कालव्याची वाट खडीची आहे, पाऊस झाला की चिखल," मालकीण म्हणाली. "जरा रुंद टायर घ्या, मडगार्ड घ्या, ताठ बसता येईल असं हँडल घ्या. आणि मधली दांडी खाली असलेली बघा. पाय फार उचलावा लागत नाही."

"म्हणजे बायकांची."

"ज्याला चढता येईल त्याची."

"मी आठ वर्षांचा असल्यापासून चढतोय," मास्तर म्हणाले. मधली पन्नास वर्षं त्यांनी हिशेबात धरली नाहीत.

मालकिणीने टेप काढली. "बूट काढता का? पायाचं आतलं माप घेते."

आता मात्र मास्तर हसले. टेप गळ्यात घालून ज्याचं आयुष्य गेलं त्याचं माप ही घेणार. "अहो, रस्त्याने चालत जाणाऱ्या माणसाचं माप मी दुकानात बसून सांगतो. माझं एकतीस आहे. लग्नाआधीपासून एकतीस."

"एकदा बसून तरी बघा."

"बसायचं काय, घरी जाऊन बसेन."

घरापर्यंत त्यांनी सायकल हातात धरून नेली. रस्त्यावर गर्दी आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रस्त्यावर एक मांजर होतं.

अंगणात प्रेक्षक तयारच होते. दारात बाई आणि कुंपणावर कोपर टेकून शेजारचे पोस्टमन. मास्तरांनी पहिल्यांदा पाय टाकला तो दांडीपर्यंत पोचून माघारी आला. दुसऱ्यांदा त्यांनी सायकल पुरती तिरकी केली, पाय पलीकडे नेला आणि मग ती सरळ केली. तिथे घात झाला. दांडी जिथे टेकू नये तिथे टेकली, दोन्ही टाचा जमिनीवरून सुटल्या आणि चवड्यांवर नाचत नाचत मास्तर सायकलसकट कुंडीत गेले.

"लागलं का?" पोस्टमननी विचारलं.

"सायकल तपासत होतो," मास्तर कुंडीतून म्हणाले. पडलो तरी नाक वर.

मग टेप आली. त्यांनी सायकल मापली. एकतीस इंची माणसाला हवी तेवढीच ती होती. पुन्हा मापली. टाचा मात्र जमिनीपासून दोन इंच वरच राहत होत्या. टायरमध्ये हवा जास्त भरली असावी, असं त्यांनी सुचवलं. "दोन इंच हवा?" पोस्टमन म्हणाले आणि हसू आवरेना तसे घरात गेले. आता एकच मार्ग उरला होता. दुकानात जाऊन त्या मालकिणीला फैलावर घ्यायचं. मास्तर माती झटकून निघालेच.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तिची चूक नाही."

त्यांनी दोरीवरून मास्तरांची पँट काढली, पायरीवर बसल्या आणि पायाकडच्या हेमचे टाके उसवले. आतून दुमडलेलं कापड खाली सुटलं. नेहमीच्या मापापेक्षा चांगलं दोन इंच जास्त. मास्तरांनी दुसरा पाय स्वतः उसवला. तिथेही तेच. स्वतःची प्रत्येक पँट त्यांनी स्वतः बेतली होती, स्वतः शिवली होती. पण हेम हे बाईंचं काम. त्यात त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

"तुम्ही एकोणतीस आहात," बाई म्हणाल्या.

"मापाच्या वहीत एकतीस लिहिलंय माझं. वडिलांनी स्वतः घेतलं होतं."

"तेव्हा पायात काय होतं तुमच्या?"

मास्तरांना ते बूट आठवले. त्या काळी पोरं जाड टाचांचे बूट घालून ठकठक करत फिरायची आणि सगळ्यांत जास्त ठकठक मास्तरांची असायची. त्यानंतर कुणी त्यांचं माप घेतलंच नव्हतं. कोण घेणार? माप घेणारे तेच होते. पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सगळ्या दुकानासमोर सांगायचे, "साहेब, श्वास सोडा, टेप खोटं बोलत नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, चांगला दोन इंच जाडीचा.

"आणि तू इतकी वर्षं दुमडत राहिलीस? बोलली का नाहीस?" त्यांना राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती.

"लग्नानंतर तुम्ही पहिली पँट शिवलीत. हेम घालून दिली, तर आरशासमोर उभे राहून इतके खुशीत होतात. म्हटलं, दोन इंच दुमडायला माझं काय जातं? मग सवय झाली."

मास्तरांनी उसवलेल्या पँटची घडी घातली. मग मान वर न करता म्हणाले, "डॉक्टर वगैरे काही नाही म्हणाले. मला तुझ्याबरोबर यायचं होतं."

"ते कळलं होतं," बाई म्हणाल्या. "आत या, बूट काढा."

दुकानात या वेळी माप बाईंनी सांगितलं आणि मालकिणीने सायकल बदलून दिली. रुंद टायर, चिखल अडवणारे मडगार्ड, साखळीवर झाकण, खुर्चीत बसल्यासारखी बैठक आणि इतकी खाली दांडी, की मास्तरांना चढल्याचं कळलंसुद्धा नाही. रंग पोपटी होता. तोही त्यांनी चालवून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते कालव्यावर गेले. मास्तर पहिल्या वळणापर्यंत वेडेवाकडे गेले, दुसऱ्यापर्यंत नुसते वाकडे. वाट एका सायकलीपुरतीच होती, म्हणून बाई पुढे आणि ते मागे. जन्मभर ती त्यांची पाठ बघत बसली होती. तिची पाठ ते आज पहिल्यांदा बघत होते. आणि तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. बाई गुणगुणत होत्या. हळू, स्वतःपुरतं, पण सुरात.

"तू गुणगुणतेस?" त्यांनी विचारलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. दुकानात तर दिवसभर." त्या मागे न वळता म्हणाल्या. "तुमचं मशीन चालू असायचं."

बाईंनी सूर पुन्हा धरला. मास्तरांच्या मांड्या भरून आल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांनी पाय थांबवून सायकल नुसती पळू दिली. तर मागच्या चाकातून टिकटिक सुरू झाली आणि गाणं ऐकू येईना. त्यांनी घाईने पुन्हा पाय मारायला सुरुवात केली. टिकटिक थांबली. मग घर येईपर्यंत त्यांनी पाय थांबवले नाहीत.