दोन डबे पाणी

न्हाणीतला नळ खोकला. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा.

मंजुषाने डोळे उघडले. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. नळाने आणखी एकदा घसा खाकरला आणि नुसती हवा सोडली. आधी हवा, मग तांबडं पाणी, मग नितळ. क्रम ठरलेला होता, पण दिवस हा नव्हता. तिने लेकीच्या, योगूच्या मानेखालचा हात अलगद काढून घेतला, त्या जागी उशीचं टोक सरकवलं आणि पदर खोचत उठली.

"पाणी?" सोमेश्वरने पांघरुणातूनच विचारलं. "आज कसं काय? पुढच्या आठवड्यात यायचं होतं की."

"साहेबांनी सोडायला लावलं असंल. तपासणीचं पथक यायलंय ना आज. बाया रिकामे हंडे घेऊन आडव्या आल्या म्हंजे?"

"मंग रोजच येऊ दे म्हणावं पथक," तो म्हणाला आणि बादल्या घ्यायला उठला.

मंजुषाला हसू आलं. टाकी, टिपाड, हंडे, कळश्या झाल्यावर तिने कुकर भरला, पातेली भरली, योगूची दप्तरातली बाटली भरली. आजूबाजूच्या घरांतूनही तांब्या-पितळेचे आवाज येत होते. एवढ्या पहाटे सगळं गाव जागं होतं आणि कुणी कुणाशी भांडत नव्हतं. दिवस चांगला सुरू झाला, असं तिला वाटलं.

उजाडल्यावर नगरपंचायतीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून ती निघाली. गावातला सगळा कचरा जुन्या खदानीत पडायचा आणि तिथे कायम काहीतरी धुमसत असायचं. वारा फिरला की धूर थेट अंगणवाडीत यायचा. योगू त्याच अंगणवाडीत जायची आणि थंडीभर खोकायची. मंजुषाने प्रस्ताव तयार केला होता तो त्यासाठी. निदान लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे ती खदानच होती. घरोघरचा ओला-सुका कचरा वेगळा उचलायचा, त्यासाठी आणखी एक घंटागाडी घ्यायची, कचरा निवडायला शेड बांधायची. पथकाला गाव पसंत पडून निधी मिळाला तर खदान बंद होणार होती. तिचं समन्वयकाचं कंत्राटही त्याच निधीवर पुढे सरकणार होतं, पण ते ती घरीसुद्धा मोठ्याने बोलत नसे.

पथकाला दाखवायला मुख्याधिकारी साहेबांनी खालची गल्ली नेमून दिली होती. रस्ता नवा होता आणि प्रत्येक घराला हिरवा आणि निळा असे दोन डबे दिलेले होते. गल्लीच्या तोंडाशी नगरसेवक अमरसिंह कडक इस्त्रीत उभे होते. घंटागाडीच्या चाकावरचा चिखल बोटाने खरवडून बघत होते.

"गाडी धुतली का बे, धोंडीराम?"

"धुतली की मालक. आज पाणी लई हाय."

मंजुषा घराघरातून फिरली. बरीच घरं बंद होती. दसरा झाला की अर्धी गल्ली ऊसतोडीला जायची ती पाडव्याच्या आसपास परतायची. जी घरं उघडी होती त्यांचे डबे दारात असायला हवे होते, आणि एकाही दारात डबा नव्हता. एकीच्या हिरव्या डब्यात ज्वारी होती. दुसरीने निळ्यात कांदे भरले होते. चंद्रभागाबाईंनी तर दोन्ही डबे टीव्हीच्या शेजारी मांडून वर भरतकामाचा रुमाल टाकला होता.

"एवढा ग्वाड डबा, त्यात घाण कावून टाकावी बाई?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुम्हा शिकलेल्यांचं काय कळंना. घाणीला नवा डबा आन पिठाला फुटका."

"आजच्या दिवस काकू. पाया पडते."

"पाया कशाला पडती, दे इकडं. धुऊन परत लावीन तिथंच."

बाया हसत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. ज्वारी चादरीवर ओतली गेली, कांदे खाटेखाली गेले. भराभर डबे दारात आले आणि त्यांत घरचंच काहीबाही पडलं. मंजुषा मागे फिरून गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा फक्त पहिलंच, विमलबाईंचं दार उरलं होतं.

विमलबाई एकट्याच होत्या. मुलगा बंकट आणि सून कारखान्याला गेले होते. जाताना ट्रॅक्टरमध्ये संसार भरून नेतात तसा त्यांनी नेला होता, प्लॅस्टिकचं टिपाड, घागर, परात, तवा. तिकडे फडावर तेच लागतं. मागे म्हातारी राहिली, एक शेळी, एक माठ, आणि नगरपंचायतीचे दोन डबे.

डबे चुलीपासून लांब, भिंतीला टेकून होते. त्यांच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं धुवट फडकं बांधलेलं होतं. मंजुषाने एक फडकं सोडलं. डबा काठोकाठ भरलेला होता. पाणी अजून गरगरत होतं आणि तळाशी तुरटीचा खडा अंधुक पांढरा दिसत होता.

"मावशी, हे काय?"

"पाणी," विमलबाई म्हणाल्या. "आज लवकर आलं बग. गढूळ हाय जरा. निवळंल दुपारपातुर."

"ह्यात कचरा ठेवायचा असतो ना. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं व्हतं की. वला हिरव्यात, सुका निळ्यात. समदं ध्यानात हाय माझ्या. पन कचरा कुठून आनू? सालपटं शेळी खाती, कागूद चुलीत जातो. मी एकटी जीव, किती कचरा करनार?"

मंजुषाने घरात नजर फिरवली. माठ भरलेला होता, तांब्या भरलेला होता. कोनाड्यात दोन वाट्या होत्या, त्याही भरलेल्या. ती धावत चंद्रभागाबाईंकडे गेली.

"काकू, एखादी रिकामी कळशी आहे का? टिपाड? काहीबी."

"आज?" चंद्रभागाबाईंनी हात पसरले. "आज तर चहाची किटली बी भरलीय माय."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. मंजुषाला आपल्या घरातला कुकर आठवला, पातेली आठवली. गावात त्या सकाळी एक भांडं रिकामं नव्हतं.

फोन वाजला. साहेब होते. "मॅडम, पथक वडवणी सोडून पुढे आलंय. पहिल्याच घरापासून बघणार आहेत. सगळं तयार ठेवा."

अमरसिंह दारात आले. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं आणि जीभ चावली.

"वता की मॅडम. दोन डब्यापायी गावाचा निधी घालवता का? मावशीला मी सांजच्याला टँकर पाठवतो. हितं दारात उभा करतो टँकर, मंग तर झालं?"

मंजुषाने ओळखपत्राची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

विमलबाई तिच्याकडे बघत होत्या.

"तुझ्या नोकरीवर येतंय का गं?"

"तसं नाही मावशी..."

"येतंय म्हन की मंग. त्यात काय लाजायचं." त्यांनी पदर कमरेला खोचला आणि हिरव्या डब्याची एक कड धरली. "धर तिकडनं. मला एकटीला उचलायचा न्हाई."

दोघींनी डबा दाराबाहेर नेला. शेवग्याच्या बुडाशी पहिलं पाणी ओतलं, ते मातीने गटागट पिऊन टाकलं. दुसऱ्या डब्याचं पाणी मातीला पेलवलं नाही. ते नव्या सिमेंटच्या रस्त्यावर आलं आणि उताराने पसरत चाललं. शेळीने दावं ताणून तोंड पुढे केलं, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आत ते खाली गेलं. विमलबाईंनी तुरटीचा खडा उचलला, पदराला पुसला आणि त्याच पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

धोंडीरामने गाडीतून फावड्याने कचरा आणला. हिरव्यात नासके टोमॅटो, कोबीची पानं, हॉटेलातली चहापत्ती. निळ्यात वेफर्सची पाकिटं आणि दुधाच्या पिशव्या.

"कुनाच्या घरचं हाय रं हे?" विमलबाईंनी विचारलं.

"बाजारातलं हाय मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग डब्यांकडे पाठ करून चुलीपाशी जाऊन बसल्या.

पथकात तिघं जण होते. त्यांच्या प्रमुख असलेल्या बाई चालायचे पांढरे बूट घालून आल्या होत्या आणि मनापासून बघत होत्या. त्यांनी स्वतः डब्यावर वाकून, नाक न मुरडता आत बघितलं.

"आजी, तुम्ही कचरा वेगळा करता?"

"करते की," विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "वला हिरव्यात, सुका निळ्यात. ह्या लेकीनं शिकवलंय."

मंजुषाने खाली बघितलं. रस्त्यावरचा ओला डाग कडेने वाळायला लागला होता.

"पाणी घ्या बाई," विमलबाईंनी माठातून तांब्या भरून पुढे केला. "उन्हातनं आलात."

"नको नको, आहे माझ्याजवळ." बाईंनी पर्समधली बाटली काढली, उरलेलं चार घोट पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली हातात धरून आजीकडे बघत हसल्या. "सांगा आजी, ही कुठे टाकू?"

"निळ्यात," विमलबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. फोटोत विमलबाई मध्ये, एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला अमरसिंह. पुढे केलेला तांब्या अजून विमलबाईंच्या हातातच होता. फोटो झाल्यावर त्यांनी तो सावकाश, थेंब न सांडता माठात परत ओतला.

पथक पुढे निघालं. शेजारचं घर बंद होतं. त्याच्या पुढचंही.

"ही घरं?" बाईंनी विचारलं.

"ऊसतोडीला गेलेत मॅडम," मंजुषा म्हणाली.

"ठीक आहे. कुलूपबंद लिहा," बाई सोबतच्या माणसाला म्हणाल्या. त्याने हातातल्या टॅबवर बोट टेकवलं आणि ते तसेच पुढे गेले. डबे कुठे आहेत, त्यांत काय आहे, कुणी विचारलं नाही.

मंजुषा दोन पावलं मागे राहिली. तिने वळून विमलबाईंच्या दाराकडे बघितलं. कडीला कुलूप लटकत होतं, किल्लीसकट. सकाळीच बाहेरून ते लावलं असतं आणि ती म्हणाली असती, मावशी, थोडा वेळ आत बसा, आवाज करू नका, तर विमलबाई बसल्या असत्या. वर हसल्याही असत्या.

"मॅडम, या ना पुढे," साहेबांनी हाक मारली.

ती पुढे गेली.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. पथकाला गाव आवडलं होतं, आजी तर फारच आवडली होती. पत्र निघायला वेळ लागेल पण काम झालं म्हणून समजा, असं ते म्हणाले. मंजुषाने पेढा कागदात बांधून योगूसाठी पर्समध्ये ठेवला. सुटायच्या वेळी तिने अमरसिंहांना फोन लावला. टँकरचं काय, विचारायचं होतं. फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बंद लागला.

घरी येऊन तिने स्वयंपाकघरातला सगळ्यांत मोठा हंडा उचलला.

"तेवढं कशाला?" सोमेश्वर म्हणाला. "आपल्यालाच पुरवायचंय पुढच्या नळापर्यंत."

"असू दे," ती म्हणाली आणि हंडा कमरेवर घेतला. योगू चपला घालून केव्हाच दारात उभी होती.

गल्लीत संध्याकाळचा चुलींचा धूर उतरला होता. विमलबाई दारात बसून शेळीला पाला घालत होत्या. दोन्ही डबे पथक आलं तेव्हा होते तिथेच, दाराच्या दोन बाजूंना उभे होते. निळ्यात ती बाटली होती. हिरव्याभोवती माश्या फिरत होत्या.

"मावशी, कचरा नेला नाही का धोंडीरामनं?"

"न्हेत व्हता. मीच म्हनलं राहू दे. उंद्या परत बगायला आली ती बाई तर? तुला बोल नको."

"नाही येणार आता कुणी. द्या, मी घासून देते डबे. राखेनं घासू, ऊन दाखवू. मग भरा त्यात पाणी."

विमलबाई हसल्या. दात नसलेलं, समजूत घालणारं हसू.

"आता कसं गं बाई. बाटलं की ते. नासकं पडलं त्यात. प्याच्या पान्याला आता कसं चालंल?"

मंजुषा हंडा घेऊन आत गेली. माठ अर्ध्यावर आला होता. तिने तो काठोकाठ भरला, तांब्या भरला, वाट्या बघितल्या तर त्या भरलेल्याच होत्या. हंड्यात अजून बरंच पाणी उरलं. ते ओतायला घरात काही नव्हतं. तिने हंडाच चुलीजवळ टेकवला.

"हंडा राहू दे तुमच्याकडंच."

"आन तुला गं? लेकराचं घर तुझं. ने तू." मग हंड्याच्या कडेवरून हात फिरवत, "बरं. बंकट आला की देते धाडून."

योगू मघापासून हंड्याकडे, माठाकडे आणि आजीकडे आळीपाळीने बघत होती.

"आजी, सकाळी तर नळ आलता."

"आलता की गं."

"मग तुझं पाणी कुठं गेलं?"

मंजुषा दाराच्या चौकटीपाशी थांबली. तिने तोंड उघडलं, पण विमलबाईंनीच योगूला जवळ ओढलं आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

"सांडलं माय. माझ्याच हातानं सांडलं. म्हातारी झाले, हात थरथरत्यात आता."

योगूने आजीचे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. ते थरथरत नव्हते. मग तिने मान वळवून वर बघितलं.

"मम्मी, मी पाणी सांडलं की तू रागावतीस ना? मग आजीला कोण रागावलं?"