पथ्याची सोलकढी

दत्ताराम परबला हृदयविकाराचा पहिला झटका १९७१च्या मार्चमध्ये आला. वय शेहेचाळीस, भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर निघालं. घाटकोपरच्या डॉ. रोझारिओंनी त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, समोर बसवून विचारलं, "तेल कुठलं वापरता?"

"शेंगदाण्याचं. सणाला डालडा."

"डालडा बंद. तूप, मटण, अंड्यातलं पिवळं बंद. तेल करडईचं, तेही बेताचं. झाडापासून आलेली सगळी तेलं सारखी नसतात, बाई. काही रक्तातली चरबी वाढवतात, काही उतरवतात. दुसरा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सुलक्षणाने डालड्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला. तळलेली मासळी बंद केली. करडईचं तेल ती चमच्याने मोजून घालू लागली. नवऱ्याच्या तोंडाला चव राहावी म्हणून वाटण मात्र सढळ ठेवलं, आणि दोन्ही जेवणांना पेलाभर सोलकढी सुरू केली. कढी थंड, छातीतली जळजळ शमवते, हे मालवणच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. नारळ गावाहून दीर पाठवायचा. खोबरेल होतं, पण ते केसांना. नारळ खाणं म्हणजे तेल खाणं, असं तिच्या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यात पुन्हा रक्त तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता.

"हे बाहेर काहीतरी खातायत," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं. "कँटीनमधले वडे खातास ना? खरां सांगा."

"आवशीची शपथ, वडो खावक नाय गो."

"मगे कोलेस्टेरॉल काय वाऱ्यान येता?"

नणंद प्रेमा तिथेच होती. "अगो, माझो भाव लहानपणापासून खादाड," ती म्हणाली. "शपथेक काय जाता?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुलक्षणा कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत कँटीनवाल्या नंदकिशोरला म्हणाली, "यांना वडा दिलात तर यांचं मरण तुमच्या डोक्यावर." माणसं हसली. त्या दिवसापासून दत्तारामला कुणी नावाने हाक मारली नाही. "काय रे वडेवाल्या, बायकोची परवानगी आणलीस?" असं रोज चालायचं. तो डबा घेऊन यंत्राशेजारी एकटा जेवू लागला. डब्यातली कढी तेवढी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा.

डिसेंबरमध्ये तो त्याच यंत्राशेजारी कोसळला.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सुलक्षणाला विचारलं, "काल दिवसभरात काय काय पोटात गेलं? काही वगळू नका." तिने सांगितलं. भात, भाजी, बांगड्याचं तिखलं, कढी.

"कढी कशाची?"

"नारळाच्या दुधाची. दोन्ही वेळा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि वाटणात?"

"खोबरं."

"त्या दुधातली चरबी डालड्यासारखीच कोलेस्टेरॉल वाढवते," बाई म्हणाल्या. "तुपासारखीच. करडईने जे उतरवायचं, ते नारळाने वर ठेवलं असणार."

संध्याकाळी डॉ. रोझारिओ आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याही घरी रोज नारळ असतो," ते म्हणाले. "म्हणून मला विचारायचं सुचलंच नाही."

सुलक्षणा खाटेशी बसली. दत्ताराम जागा होता. तिने काही न लपवता सांगितलं.

तो छताकडे बघत राहिला. "म्हणजे वडो खाल्लो असतो तरी ह्याच झाला असता."

तिला हसू आलं नाही, रडूही नाही.

"कारखान्यात जाऊन सांगशीत?" त्याने विचारलं.

"सांगतलंय," तिने वचन दिलं.

"सगळ्यांसमोर. तेव्हा सांगितलंस तसा."

पहाटे तो गेला.

तेरावं झाल्यावर सुलक्षणा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये गेली. माणसांचे हात थांबले.

"ते वडे खात नव्हते," ती म्हणाली. "नारळ मी घालत होते."

नंदकिशोरने कढईखालची आच बारीक केली. एका म्हाताऱ्या फिटरने बाकावर सरकून तिला जागा करून दिली. ती बसली नाही. सांगायचं होतं ते तिने आणखी एकदा, जरा मोठ्याने, मागच्या बाकांपर्यंत पोचेल असं सांगितलं.