मळणारीचे हात

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. इंग्लंडच्या दलदलीच्या मुलखात, नदीकाठच्या हवेलीत माझ्यात पावाची कणीक मळत. एल्म नावाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून मला कोरलं. उरलेल्या फळ्यांची शवपेटी झाली. ती माझी बहीण.

तुम्ही ‘लेडी’ म्हणता ना, तो शब्द काथवटीतच जन्मला. जुन्या इंग्रजीत पाव म्हणजे ‘ह्लाफ’, आणि तो मळणारी ती ‘ह्लॅफदिये’. शतकानुशतकं जिभेवर झिजून तिची ‘लेडी’ झाली; पाव राखणारा झाला ‘लॉर्ड’. मग हा शब्द माडीवर चढला, हातमोजे घालून पिठाला विसरला. देवळात तो मेरीमातेचा झाला, बागेत ठिपक्यांच्या लाल किड्यालाही, ‘लेडीबर्ड’ला, तिच्यामुळे मिळाला. खाली स्वयंपाकघरात मात्र तो टोमणा होऊन राहिला.

“काय गं लेडी, चहा आणून देऊ का तुला?” पेंगणाऱ्या मोलकरणीला स्वयंपाकीण डॉर्कस म्हणायची, आणि माझ्यात पिठाचा ढग उडायचा.

एका धुकट हिवाळ्यात मालकीणबाई लेडी सिबिलची धाकटी लेक विनी नदीत बुडाली. गळ टाकले, जाळी ओढली, देह मिळेना. देह नाही तर माती नाही, आणि माती नाही तर त्या इवल्या जिवाला विसावा नाही. आमच्याकडे अशा वेळी पावात मेणबत्ती रोवून तो पाण्यावर सोडतात. बुडालेल्याच्या वर येऊन तो थांबतो. डॉर्कसने पाव भाजला. तो गरगर फिरला आणि बुडाला.

“घरच्या बाईच्या हातचा हवा,” म्हातारा नावाडी म्हणाला. “पगारी हाताला पोर ओ देत नाही.”

लेडी सिबिल जिना उतरून खाली आली.

“बाईसाहेब, हात भरतील तुमचे.”

“भरू देत, डॉर्कस. पाणी किती घालू, तेवढं सांग.”

“पीठ मागेल तेवढं.”

तिने जन्मात कणकेला हात लावला नव्हता. पण तिची बोटं माझ्या लाकडाला भिडली आणि मी शहारले. ते दोनच हात नव्हते. त्यांच्याखाली आणखी हात होते, त्यांच्याखाली आणखी. थंड, जुने, सगळे एका लयीत मळणारे. डॉर्कस भिंतीला जाऊन टेकली. तिलाही दिसले असावेत.

तो पाव माझ्यातूनच नदीवर नेला. मेणबत्तीची ज्योत धुक्यात हलली नाही. पाव प्रवाहाच्या उलट निघाला, सावकाश, ओळखीच्या वाटेने, आणि वाकलेल्या वाळुंजाच्या झाडाखाली थांबला.

विनी तिथेच होती. तिच्या मुठीत कणकेचा गोळा होता. ताजा. अजून फुगत असलेला.

त्यानंतर माझ्यात कुणी मळलं नाही. मी माळ्यावर उलत पडले. आता हवेलीत चहाचं दुकान आहे. ‘लेडीज’ लिहिलेल्या दाराशी लोक माझ्यात ओल्या छत्र्या टाकतात. वर तो शब्द, खाली मी. आम्हाला कुणी ओळखत नाही.

मित्रांनो, शब्द खुशाल वापरा, पण कधीतरी त्याला हात लावून पाहा. आत कुणीतरी राबत असतं. आणि मला कोरडी ठेवा. छत्र्या काढल्या तरी माझ्या तळाशी सकाळपासून बोटं उमटत आहेत. विनीच्या पावाच्या वेळचीच, पण ओली, घाईची, मळणारी.

आज मुलांना नदीकडे सोडू नका.