मुशीच्या पोटातला हातमोजा

मी एक म्हातारी मुशी, म्हणजे शार्क मासा आहे. एका मत्स्यालयाच्या मोठ्या काचेमागे राहते. मित्रांनो, सिनेमावाल्यांनी आम्हाला अधाशी ठरवून टाकले आहे. खरे सांगू? आठवड्यातून दोनदा मासे मिळाले की मी तृप्त असते.

मी घास चावत बसत नाही, सरळ गिळते. पोटातले आम्ल माशांचे काटेसुद्धा विरघळवते. पुढे आतड्यात गोल जिन्यासारखी वळणे आहेत. तिथून अन्न सावकाश उतरते आणि वळणावळणावर त्यातला कस शोषला जातो. एक जेवण जिरायला दोन-तीन दिवस सहज लागतात. मात्र पोटातून त्या जिन्याकडे जाणारे दार फार अरुंद आहे.

मला भरवणारी बाई एकदा घाईत होती. तिचा रबरी हातमोजा माशांच्या बादलीत पडला आणि माशाबरोबर माझ्या पोटात गेला. रबर विरघळेना, दारातून पुढेही सरकेना. माझे अन्न सुटले. बाईला सगळे ठाऊक होते, पण नोकरीच्या धास्तीने ती गप्प बसली. मला तिचा फार राग आला, खोटे कशाला बोलू?

दहाव्या दिवशी मत्स्यालयाचे साहेब टाकीच्या काठावर आले. "किती दिवस उपाशी ठेवायचं हिला? नळीने भरवा." प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नळी हातात घेतली. तुंबलेल्या पोटात आणखी भर पडली असती, तर माझा कारभार आटोपलाच होता.

तेवढ्यात बाई पुढे आली. "थांबा हो! माझा हातमोजा आहे तिच्या पोटात. चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी नळी खाली ठेवली. "मग आता कोणी हात लावू नका. मुशीला स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढून झटकता येतं. फक्त गडबड नको."

माणसे गेली, दिवे मंद झाले. गजबजाटात जे जमत नव्हते, ते आता जमले. मी जबडा उघडला, पोट उलटे करून बाहेर काढले, दोनदा झटकले आणि परत आत ओढले. हातमोजा पाण्यावर तरंगू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बाईला विचारले, "नोकरी जाईल हे माहीत होतं ना?"

"होतं, साहेब. पण तिला कुठे सांगता येतंय?"

साहेबांनी तरंगणारा हातमोजा उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "महिनाभर काचा पुसा. पुढचं पुढे बघू."

मित्रांनो, चुका तुमच्याही हातून होतील. पण मुक्या जिवाच्या बाबतीत चूक झाली, तर ओरडा बसेल म्हणून दहा दिवस थांबू नका. मी थोराड, म्हणून तग धरला. एखाद्या लहान पिल्लाला ते जमले नसते.