रिकाम्या बसचा चष्मा

मित्रांनो, जुनी वस्तू म्हटली की तुम्हाला मोडकी सायकल नाहीतर बंद पडलेला रेडिओ आठवत असेल. मी एक जुना व्हीआर हेडसेट आहे. डोळ्यांवर चढवला की समोर खोटं जग उभं करणारा जाडजूड चष्मा! वय जेमतेम पाच वर्षं, पण आमच्या कुळात म्हातारपण लवकर येतं.

कारखान्यातून मी थेट यवतमाळच्या एका ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रात आलो. माझ्या पोटात एक बस आहे. स्टिअरिंग, आरसे, घाटातली वळणं, सगळं हुबेहूब. केंद्रात खरी बस एकच, आणि ती चालवायला पोरांची झुंबड. बबिताचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. ती बोरी अरबजवळच्या तांड्यातली. एसटी चालवायची, हा एकच ध्यास तिने घेतला होता. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की तुकडीतून नाव कटणार होतं.

शेवटी केंद्रात शिकवणाऱ्या नंदकिशोर सरांनी मला तिच्या हवाली केलं. पण घरी कुठला आला वेळ? शेत, पाणी, स्वयंपाक. मोकळा वेळ मिळायचा तो येण्याजाण्याच्या एसटीतच.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. खरी बस उजवीकडे वळली, माझ्यातली सरळ चालली, आणि बबिताला गाडी लागली. खिडकीबाहेर डोकं काढून ती ओकली. मागून कोणीतरी म्हणालं, "तोंडाले डबा काहून बांधला वं?" लोक हसले. तिने तोंड पुसलं आणि मला पुन्हा चढवलं. मला तिचा अभिमान वाटला, खरंच सांगतो.

तेवढ्यात कंडक्टरने एक घंटी दिली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. माझ्या बसमध्ये कंडक्टर नाही, म्हणून घंटीही नाही. पण बबिताने ती ऐकली आणि तिचा पाय सटकन ब्रेकवर गेला. ब्रेक कुठला? तिथे बाजाराला निघालेल्या तानाबाईंची वांग्यांची टोपली होती.

"काहून लाथा मारून राह्यली वं पोरी?"

"मावशी, घंटी वाजली न. म्या ब्रेक दाबला."

"ब्रेक ड्रायव्हरपाशी असते, माह्या वांग्यात नाई!"

सगळी बस हसली, तानाबाईही हसल्या. पोरीची परीक्षा आहे हे कळल्यावर मात्र त्या रोज तिच्या शेजारी बसू लागल्या. खड्डा आला की दंड धरायच्या, यवतमाळ आलं की टपली मारायच्या.

मला मनातून राग यायचा. शिकवणारा मी, आणि मध्येच ही घंटी, सुट्ट्या पैशांवरून भांडणं, कोणाच्या पिशवीतली कोंबडी! शांत खोलीत शिकणारी पोरं किती नशीबवान, असं वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या खऱ्या बसमध्ये सरांच्या मांडीवर होतो. परीक्षकांनी सगळ्या उमेदवारांना प्रवासी करून बसवलं आणि मुद्दाम कल्ला करायला लावला. शांत खोलीत शिकलेला एक पोरगा गोंधळला. घंटी वाजली तरी थांबा मागे टाकून गेला. मग बबिता स्टिअरिंगवर बसली. मागे नुसता आरडाओरडा. एक घंटी झाली, आणि बस अशी अलगद थांबली की उभ्या माणसाचा तोलही गेला नाही.

"घंटी कुठे शिकलीस गं?" सरांनी विचारलं.

"लोकायच्यात बसून, सर."

मला फार बरं वाटलं, आणि थोडं खजीलही.

आता बबिता एसटी चालवते. माझी काच चरे पडून अंधूक झाली, पट्टा सैल झाला, आणि मी भंगाराच्या खोक्यात गेलो. परवा ती केंद्रात आली, मला उचलून म्हणाली, "सर, याले फेकू नका. आमच्या तांड्यातली अंजू येऊन राह्यली शिकाले."

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, मऊ कापडाने पुसा. बसमध्ये चढवाल तर शेजारी भरवशाचं माणूस असू द्या आणि कान उघडे ठेवा. आणि हो, अंजूचं डोकं लहान आहे, पट्टा जरा आवळून द्या. आम्हाला सकाळची गाडी पकडायची आहे.